चहावर बहिष्कार टाकणाऱ्या गावात चांदीची किटली कशाला?

ओवी

गेल्या शनिवारी बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये जाऊन आले. चार वर्षं इथे राहतेय, पण अमेरिकन विभागासाठी कधी निवांत वेळ काढला नव्हता. तिथे जॉन सिंगलटन कॉप्लीने १७६८ साली काढलेलं पॉल रिव्हिअरचं चित्र आहे. १७७५ च्या एप्रिलमध्ये रात्री घोड्यावरून दौडत जाऊन इंग्रज फौज निघाल्याची खबर देणारा रिव्हिअर तो हाच. धंद्याने चांदीकाम करणारा. चित्रात अंगात कोट नाही, नुसता पांढरा सदरा आणि वर बंडी. एक हात हनुवटीला, दुसऱ्या हातात गोल पोटाची चांदीची किटली. समोर टेबलावर कोरीवकामाच्या सळया पडल्यात, पण किटली अजून कोरी आहे. त्या चांदीत त्याची बोटं उमटलेली दिसतात. मी तिथून दहा मिनिटं हललेच नाही.

त्याच विभागात त्याच साली त्यानेच घडवलेला एक मोठा वाडगा आहे. बॉस्टन ज्या इंग्रज वसाहतीत होतं, त्या मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने इंग्रजांच्या करांविरुद्ध इतर वसाहतींना पत्र पाठवलं होतं. ते मागे घ्या, असा राजाकडून हुकूम आला, तेव्हा ९२ सदस्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या सन्मानार्थ १५ जणांनी मिळून हा वाडगा करून घेतला. ज्या करांवरून हे सगळं झालं त्यांत काच, कागद, रंग, शिसं आणि चहा होता.

आता माझा प्रश्न. १७७३ च्या डिसेंबरात कराच्या निषेधात बॉस्टन बंदरात आलेला चहा समुद्रात टाकणाऱ्यांत रिव्हिअरचं नाव घेतात, आणि दुसऱ्याच दिवशी ती बातमी घेऊन तो न्यूयॉर्ककडे घोड्यावर निघाला हे तर पक्कं आहे. मग असल्या माणसाने आपल्या चित्रात चहाचीच किटली हातात का धरावी? आणि ज्या घरांनी पुढे चहा सोडला, त्यांनी घरातल्या चांदीच्या किटल्यांचं काय केलं?

चहाबाज

ताक ठेवत असतील. धागा वर ठेवा, मी सकाळचा दुसरा कप घेऊन येतो.

जुनापुराणा

ओवी, प्रश्न चांगला आहे, पण सुरुवात चहापासून न करता चांदीपासून करू. त्या काळी तिथे बँका नव्हत्या. हातात पैसा यायचा तो बहुतेक परदेशी नाण्यांच्या रूपात, त्यातही स्पॅनिश डॉलर जास्त. नाण्यांची थैली चोरीला गेली तर तुमची नाणी कुठली हे सांगणार कसं? म्हणून चार पैसे साठले की लोक ती नाणी चांदीकाम करणाऱ्याकडे न्यायचे, वितळवून त्याचं भांडं करून घ्यायचे आणि वर नाव कोरून घ्यायचे. चोरी झालीच, तर ‘अमक्या आकाराचं, अमकी अक्षरं कोरलेलं’ असं वर्णन वर्तमानपत्रात छापून आणता यायचं. अडचणीच्या वेळी तेच भांडं मोडीत काढून पुन्हा पैसा. म्हणजे किटली ही घरातली शिल्लक होती, आणि त्या शिल्लकेतून चहाही ओतता यायचा.

भांड्यांवरची अक्षरं बहुधा त्रिकोणात असतात. वर आडनावाचं अक्षर, खाली एका बाजूला नवऱ्याच्या नावाचं, दुसऱ्या बाजूला बायकोच्या. बुडाखाली बारीक टोकाने वजन खरवडलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडात चांदीचा कस तपासून शिक्का मारणारी कचेरी होती, अमेरिकन वसाहतींत तशी काही सोय नव्हती. भांड्यावर शिक्का एकच, घडवणाऱ्याचा. तो म्हणेल तो टंच, त्याच्या शब्दावर. म्हणूनच चांदीकाम करणारा हा गावातला विश्वासाचा माणूस असायचा. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने स्वतःची टांकसाळ काढली तीही जॉन हल या चांदीकाम करणाऱ्याच्याच हाती दिली.

रानफूल

ते त्रिकोणातल्या अक्षरांचं वाचून आईच्या लग्नातली पिंपं आठवली. प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव, तारीख, आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’. दुकानदार ते यंत्र कडकड वाजवत नाव घालून द्यायचा. आमच्या एका डब्यावर आजीचं माहेरचं आडनाव आहे. ते नाव घरात आता फक्त त्या डब्यावरच उरलंय.

सातारकर

ओवीताई, चित्राची तारीख नीट बघा. १७६८. तेव्हा बहिष्कार पुरता सुरूही झाला नव्हता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टात ठराव केला आणि विलायती माल मागवणं बंद करायची तारीख ठरवली १ जानेवारी १७६९. चित्र आणि चहाची नासधूस यांत पाच वर्षांचं अंतर आहे. आपण शेवट ठाऊक असल्यामुळे दोन्ही गोष्टी एका फोटोत बघतो.

शिवाय एक गैरसमज इथे कोणी लिहायच्या आधीच खोडून ठेवतो. चहा महाग केला म्हणून तो समुद्रात टाकला, असं आपण शाळेत ऐकतो. झालं होतं उलट. पौंडामागे तीन पेनी कर १७६७ पासूनच होता. १७७० मध्ये बाकीचे कर उठवले, चहावरचा तेवढा हट्टाने ठेवला. १७७३ च्या नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या ठरावीक आडत्यांमार्फत थेट विकायची मुभा दिली, त्यामुळे चहा स्वस्तच होणार होता, डचांच्या चोरट्या चहाहूनही. पण तो स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखं होणार, आणि गावचे व्यापारी बाजूला पडणार. भांडण त्यावर होतं. १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या. कंपनीने नुकसान मांडलं ९,६५९ पौंडांचं.

चहाबाज

सातारकर, म्हणजे तो आसामचा चहा नव्हता का? मी आजवर सगळ्यांना तसंच सांगत आलोय.

सातारकर

नव्हता. सगळा चिनी. कँटनहून लंडनला आणि लंडनहून बॉस्टनला. बोही नावाचा काळा चहा सर्वांत जास्त, थोडा हिरवाही होता. आसामातली लागवड १८३० च्या दशकातली.

दर्यावर्दी

कंपनीचा विषय निघालाच आहे तर दोन मिनिटं थांबा. १७७३ हे साल आपल्याकडे कशाचं? ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कंपनीबद्दल दोन कायदे केले. एक अमेरिकेतल्या चहाचा, दुसरा हिंदुस्थानातल्या कारभाराचा रेग्युलेटिंग ॲक्ट. दोन्हींच्या मुळाशी कारण एकच, कंपनी बुडायला आली होती. गोदामात चहा पडून होता आणि बंगालच्या दुष्काळानंतर तिथला वसूल भरवशाचा राहिला नव्हता. पुढच्या वर्षी डिसेंबरात बॉस्टन बंदराला टाळं होतं आणि इकडे मुंबईकर इंग्रज ठाण्याचा किल्ला घेत होते. १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांशी तह. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

मी हे ओढूनताणून जोडत नाही. तिकडच्या लोकांनाही हे ठाऊक होतं. १७७३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने जे पत्रक लिहिलं त्यात बंगालच्या दुष्काळात माणसं मेली त्याचा दोष कंपनीला दिलाय. आशियात यांनी काय केलं ते बघा, आता नजर आपल्याकडे वळली आहे, असा त्याचा रोख होता. मला ते वाचून भरून आलं होतं. बंगालमधल्या भुकेची नोंद घेऊन कुणीतरी सातासमुद्रापार चहाचा कप खाली ठेवत होता.

शेवंता

दर्यावर्दी, प्रतिसाद आवडला, पण आता पुण्याहून बॉस्टनला परत या. चहाच्या गोष्टीत बायका कुठे आहेत? ते टेबल तर बायकांचं होतं. चहा करणं नोकरांकडे नसायचं, घरची मालकीण सगळ्यांसमोर बसून स्वतः ओतायची. तिच्यापुढे किटली, दुधाचं भांडं, साखरदाणी, साखरेचे खडे उचलायचा चिमटा, गार झालेला चहा ओतून टाकायचं पातेलं, आणि चहापत्तीचा डबा, तो बऱ्याचदा कुलपाचा, कारण पत्ती महाग. जाळीदार डोक्याचा एक लांब चमचाही असे. कपावर तरंगणारी पत्ती त्याने उचलायची, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जे अणकुचीदार टोक असतं त्याने तोटीत अडकलेली पत्ती मोकळी करायची. आपण गाळणी वापरतो, त्यांनी चमच्यालाच गाळणी केलं.

आता माझा आवडता किस्सा. १७८२ मध्ये प्रिन्स द ब्रॉग्ली नावाचे फ्रेंच पाहुणे फिलाडेल्फियात रॉबर्ट मॉरिस या व्यापाऱ्यांच्या घरी चहाला गेले. कप रिकामा झाला की यजमानीणबाई भरत होत्या. पाहुणे सभ्य, नाही म्हणवेना. बाराव्या कपाला फ्रेंच राजदूतांना दया आली. त्यांनी हळूच सांगितलं, पुरे असेल तेव्हा चमचा कपावर आडवा ठेवा.

वाचल्यावर पहिलं काय डोळ्यांसमोर आलं सांगू? पंगतीत पानावर आडवा धरलेला हात आणि त्यातूनही पडलेली जिलबी.

रानफूल

शेवंताताई 😄 आमच्याकडे हात आडवा धरला तर बोटांवर वाढतात. चमच्याने काही थांबलं नसतं.

निरीक्षक

सगळे चमचे आणि चिमट्यांत रमले आहेत, म्हणून एक कडू गोष्ट मांडतो. त्या चांदीच्या साखरदाणीतली साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून यायची, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर चालायचे. ज्या स्पॅनिश डॉलरांची किटली झाली त्यांची चांदी दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या आणि मेक्सिकोच्या खाणींतली. पोतोसीत गावोगावचे मूळ रहिवासी सक्तीने पाळीपाळीने खाणीत पाठवले जात. रिव्हिअरच्या वाडग्यावर स्वातंत्र्याचे शब्द कोरलेत आणि त्यात जे मद्य प्यायले जाई ते रमचं, म्हणजे पुन्हा तीच साखर. संग्रहालयात काचेमागे हे सगळं इतकं लखलखीत मांडतात की हा भाग दिसतच नाही. मला त्या भांड्यांकडे बघताना कौतुक वाटतच नाही.

जुनापुराणा

निरीक्षक, तथ्यं सगळी बरोबर. त्यात भर घालतो, काही चांदीकारांच्या कारखान्यात गुलाम माणसं कामही करत होती, आणि भांड्यावर शिक्का पडला तो मालकाचा.

निष्कर्षाशी मात्र सहमत नाही. कौतुक वाटू नये असं म्हणून आपण त्या हातांवरही अन्याय करतो. रिव्हिअरचे वडील फ्रान्सहून आलेले पोरगे निर्वासित, नाव अपोलोस रिव्ह्वार. बॉस्टनला जॉन कोनीकडे उमेदवारी करून शिकले. त्या कोनीने १७१० च्या सुमारास केलेली चहाची किटली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, अमेरिकेत घडलेल्या सर्वांत जुन्या किटल्यांपैकी एक. उंची वीतभरही नाही, कारण तेव्हा चहाच तेवढा महाग. आकार पेरूसारखा, खाली गरगरीत आणि वर निमुळता. पुढे पन्नासेक वर्षांत सफरचंदासारख्या गोल आल्या, मग उलट्या पेरूच्या. रिव्हिअरच्या हातात आहे ती गोल घाटाकडे झुकणारी. घाटावरून साल ओळखता येतं.

निरीक्षक

हातांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ज्यांच्या घरात ती भांडी गेली त्यांच्याबद्दल आहे. असो, ‘पोरगे निर्वासित’ हा भाग मला माहीत नव्हता. धन्यवाद.

तांबटआळी

मी इथे फारसा लिहीत नाही, पण या धाग्यावर राहवलं नाही. आमचं घर पुण्याच्या तांबट आळीतलं. तीन पिढ्या तांब्याचं काम, बाबांनी देवळांसाठी चांदीचंही केलंय. ओवी, तुम्ही विचारलंत की त्याने किटलीच का धरली. मला त्याचं उत्तर राजकारणात नाही, कामात दिसतं.

साधा वाडगा घ्या. गोल चकती कापायची, लाकडी मोगरीने खोलगट करायची, मग लोखंडी आधारावर धरून बाहेरून गोल गोल ठोकत वर चढवत न्यायची. चांदी ठोकली की कडक होते. आणखी ठोकली तर चिरते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवायची, नरम करायची, पुन्हा ठोकायची. पोट फुगवून तोंड आत घेणं हे सर्वांत अवघड, कारण पत्रा मिटत जातो आणि सुरकुती पडते. एकदा सुरकुती पडली की ती मोडायची म्हणजे अर्धा दिवस. किटलीचं पोट तसंच असतं.

त्याच्यावर तोटी. ती दोन अर्ध्या भागांत ओतायची आणि डाख देऊन जोडायची. डाख जरा लवकर वितळला पाहिजे, पण मूळ चांदी वितळता कामा नये. एका जागेचा डाख देताना आधीच्या जागेचा सुटतो. बाबा म्हणतात, हात थरथरला तर आठवड्याचं काम राखेत. मग झाकण, त्याची बिजागरी, ती इतकी घट्ट की ओतताना झाकण पडू नये आणि इतकी सैल की एका बोटाने उघडावं. मूठ लाकडाची, कारण चांदी चटकन तापते, चांदीची मूठ कुणाला धरवणारच नाही. तोटीचं टोक पोटातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर भरल्याबरोबर सांडेल. आणि ओतून झाल्यावर थेंब खाली ओघळता कामा नये. वाडगा, पेला, चमचा यांत ह्यातलं काहीच नसतं. किटलीत सगळी कामं एकाच वस्तूत येतात. चांदीकाम करणाऱ्याला आपलं चित्र काढून घ्यायचं असेल तर तो दुसरं काय हातात धरेल?

एक फरकही सांगतो. आमच्याकडे शेवटी मठारकाम करतात. गुळगुळीत हातोड्याने ओळीने ठोके देतात, ते ठिपके तसेच राहतात आणि तीच भांड्याची शोभा. पत्राही त्याने पक्का होतो. बॉस्टनवाले हातोड्याची खूण राहू देत नसत. घासून घासून आरसा करत. तुम्ही म्हणता ना, बोटं उमटलेली दिसतात, ती त्याच्या घासण्याची कमाई आहे.

ओवी

तांबटआळी, हे वाचून मी चित्राचा फोटो पुन्हा उघडला. किटलीखाली चामड्याची एक गादीसारखी उशी आहे. मला वाटलं होतं टेबल ओरखडू नये म्हणून असेल.

तांबटआळी

ती वाळूची उशी असणार. कोरताना भांडं त्यावर ठेवतात. सळई जागची फारशी हलवायची नाही, भांडं फिरवायचं, तरच वळणदार रेघ एका दमात येते. आमच्याकडेही असं करतात.

रानफूल

घडणावळ कशी घेत असेल तो? वजनावर की नगावर?

जुनापुराणा

रानफूल, याचं उत्तर आहे, कारण त्याच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत त्या ठेवल्यात. चांदीचं वजन वेगळं, घडणावळ वेगळी, कोरीवकाम वेगळं. गिऱ्हाइकाने जुनी चांदी आणून दिली असेल तर ती वजा. कुठल्याही पेठेतल्या सराफाला ती वही वाचून दाखवली तर मान डोलवेल. त्याच संस्थेत एक छोटी काचेची कुपीही आहे, तिच्यात त्या रात्री फेकलेल्या चहाची किनाऱ्यावरून गोळा केलेली पत्ती आहे.

आणि ओवीच्या कोड्याची खरी गाठ मी अजून सांगितलीच नाही. ज्या वर्षी चहा पाण्यात गेला, त्याच १७७३ मध्ये रिव्हिअरने आयुष्यातलं सर्वांत मोठं चांदीचं काम केलं, आणि ते होतं चहाकॉफीच्या भांड्यांचं. वूस्टरच्या डॉक्टर विल्यम पेन यांनी पत्नी लोईस ऑर्न हिच्यासाठी ४५ नग करून घेतले. पेन राजाच्या बाजूचे. बंडखोर कारागीर आणि राजनिष्ठ गिऱ्हाईक. ती भांडी वूस्टर आर्ट म्युझियममध्ये आहेत, बॉस्टनहून तासाभराच्या अंतरावर.

शेवंता

म्हणजे कारागिराने गिऱ्हाइकाचं मत विचारलं नाही. मला त्यात काही गैर दिसत नाही. घरात मुलं असतात, उमेदवार असतात, भट्टी पेटती ठेवायची असते.

निरीक्षक

मला दिसतं. पण चर्चा इथेच थांबवतो, नाहीतर आज रात्री झोप नाही.

सातारकर

अजून एक धागा याच गुंत्यातला. चित्र काढणाऱ्या कॉप्लीने १७६९ मध्ये सुझाना क्लार्कशी लग्न केलं. तिचे वडील रिचर्ड क्लार्क हे कोण? ज्या आडत्यांकडे कंपनीचा चहा बॉस्टनला विकायला येणार होता, त्यांतले एक. १७७३ च्या शेवटी दोन्ही बाजूंमध्ये मध्यस्थी करायला धावपळ करणारा माणूस हाच कॉप्ली. काही जमलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो बोटीत बसला तो पुन्हा अमेरिकेत परतला नाही. छोटं गाव, सगळे एकमेकांचे कोणीतरी.

मीराताई

बोलताबोलता ओवीचा दुसरा प्रश्न मागेच पडला. चहा सोडला तेव्हा किटलीचं काय झालं? याचं उत्तर मला जॉन ॲडम्सच्या पत्रात सापडलं होतं. १७७४ च्या जुलैत त्याने पत्नीला लिहिलं. पस्तीस मैल प्रवास करून तो एका खाणावळीत पोचला आणि बाईंना विचारलं, चोरून आणलेला, कर न भरलेला असेल तर थकल्या वाटसरूला चहा मिळेल का? बाई म्हणाल्या, इथे आम्ही चहा सोडलाय, कॉफी करून देते. तेव्हापासून दर दुपारी तो कॉफीच पीत होता आणि सहन करत होता. चहा सगळ्यांनीच सोडायला हवा, मलाही त्यातून सुटायला हवं, असं तो लिहितो. जो माणूस पुढे अध्यक्ष झाला त्याला चहा सोडणं इतकं जड गेलं, हे वाचून मला त्याच्याबद्दल माया वाटली.

बाकीच्यांनी रासबेरीची पानं, सेज, जंगली झुडपांची पानं उकळून ‘स्वातंत्र्याचा चहा’ केला. तो ओतायला किटली हीच. म्हणजे भांडं तेच, आत काय ते बदललं. १७७४ च्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडनटन गावात ५१ बायकांनी बहिष्काराच्या कागदावर स्वतःच्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्र छापलं गेलं. त्या गावात आज त्याची आठवण म्हणून तोफेवर बसवलेली एक मोठी किटली आहे.

चहाबाज

मीराताई, पस्तीस मैलांनंतर कॉफी! मी असतो तर इंग्रजांकडून लढलो असतो.

रानफूल

एक शंका. मध्यंतरी कुठे तरी वाचलं होतं की ते लोक बशीत ओतून प्यायचे. खरं आहे का? आमच्या आजोबांना त्यावरून सुनेसमोर ऐकून घ्यावं लागायचं.

मीराताई

खरं आहे. आधीचे चिनी कप बिनकानाचे असत, गरम चहा धरवत नसे. बशाही खोलगट होत्या. बशीत ओतून, निववून पिणं तेव्हा चारचौघांत चालत होतं. आजोबांना सांगा, निर्धास्त भुरका मारा.

दर्यावर्दी

मी परत आलोय, पण या वेळी मुंबईहून. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन जहाजं स्वतःच पूर्वेकडे येऊ लागली. बॉस्टनजवळच्या सेलम बंदरातल्या खलाशांची मुंबईत ये-जा वाढली. त्यांचे इथले दलाल होते नसरवानजी माणेकजी वाडिया. त्यांचं तैलचित्र आज सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे, चिनी चित्रकाराने काढलेलं. ओवी, बॉस्टनहून लोकलने जाता येईल. पारशी पगडीतला मुंबईकर मॅसॅच्युसेट्सच्या भिंतीवर बघायला मिळेल.

कोकणकन्या

उशिरा आले. आमच्याकडे सासूबाईंच्या आईची एक चांदीची किटली आहे, इंग्रजी घाटाची. काळी पडलीय. रांगोळीने घासू का? घरातली सगळी चांदी त्यानेच घासतो.

तांबटआळी

कोकणकन्या, देवाची उपकरणी असती तर घासा म्हटलं असतं, पण कोरीवकाम असेल तर रांगोळी नको. दर वेळी चांदी थोडी झिजते आणि रेघा बुजत जातात. मऊ फडकं, कोमट पाणी, साबण. फटींतला काळेपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते. मुलामा असेल तर आणखीच जपा, खालचा धातू उघडा पडेल. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका. आणि विकायला नेणार असाल तर आधी घरी वजन करून जा. आमच्या नात्यात एकांनी आजीचं तबक एका दुकानात नेलं, तिथे भरलेलं वजन घरच्या वजनापेक्षा बरंच कमी आलं.

कोकणकन्या

विकणार नाही हो. त्यात तुळशीबागेतली पळी उभी ठेवलेली असते सध्या. आजच बाहेर काढते.

ओवी

आज पुन्हा जाऊन आले. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं डोक्यात होतं, त्यामुळे चित्र वेगळंच दिसलं. वाळूची उशी दिसली, सळया दिसल्या. सातारकरांचं पाच वर्षांचं अंतर पटलं. पण सर्वांत जास्त ती कोरी चांदी बघत राहिले. जुनापुराणांनी सांगितलं ते त्रिकोणातलं अक्षर अजून नाही, कुणाचं कुलचिन्ह नाही. डॉक्टर पेनसारखा राजाचा माणूस घेईल की वाडगा करून घेणाऱ्या पंधरांतला कुणी, हे ठरायचंय. नाव कोरलं की ती कुणाच्या तरी घरची होणार. चित्रात ती अजून त्याचीच आहे.

वाडग्यापाशीही थांबले. त्याच्यावर ४५ आकडा कोरलाय, लंडनच्या जॉन विल्क्सने आपल्या नियतकालिकाच्या ज्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली त्याचा क्रमांक. १९४९ मध्ये संग्रहालयाने तो विकत घेतला तेव्हा ७०० शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले होते.

तांबटआळी, बाबांना चित्र दाखवलंत का?

तांबटआळी

दाखवलं. फोनवर मोठं करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मुठीला नाही धरलंय, पोटाला धरलंय. विकणारा मुठीला धरून दाखवतो.” त्या माणसाचं नाव, गाव, घोडा, लढाई काही विचारलं नाही. वाडग्याचा फोटो दाखवला तर एवढंच विचारलं, भार किती?

जुनापुराणा

४५ औंस, मुद्दाम त्या आकड्यासाठी. चांदीसोन्याच्या औंसाने धरलं तर बरोबर १२० तोळे.

तांबटआळी

सांगितलं. “पत्रा जाड आहे, चांगला आहे” म्हणाले, आणि चहा मागितला.